पहिली वेलांटी

“अशुद्धाला या घराचा उंबरा ओलांडू देणार नाही! माझ्या हयातीत तरी नाही!”

मास्तरांनी ही गर्जना केली तेव्हा त्यांच्या शर्टाची गुंडी एक घर चुकलेली होती. चष्मा कपाळावर होता आणि तो ते टेबलावर शोधत होते.

अशुद्ध होतं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. ‘नविन आवृत्ती उपलब्ध आहे. आत्ता घ्यायची?’ कॉम्प्युटरची नवी सिस्टीम नुकतीच आली होती, आणि आल्या आल्या तिने ‘नवीन’मधल्या ‘वी’ला पहिली वेलांटी दिली होती. हवी होती दुसरी. उभा जन्म पुस्तकांची प्रूफं तपासण्यात गेलेल्या माणसाला नकार द्यायला एवढं कारण पुरेसं होतं. छापखान्यात त्यांना उगाच वेलांटीमास्तर म्हणत नसत.

“एका वेलांटीसाठी, बाबा?” मुलगी म्हणाली. ही सिस्टीम बसवायला ती रजा काढून आली होती.

“एका वेलांटीने दिनाचा दीन होतो, पोरी.”

“होऊ दे. प्रकाशकांचा मला फोन आला होता. त्यांच्या फायली तुमच्या या जुन्या मशीनवर उघडत नाहीत. पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे प्रूफं यायची बंद. मग दिवसभर काय तपासणार? भिंती?”

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे तपासण्यासारखं काहीच नव्हतं. आई गेल्यापासून या घरात प्रूफं यायची म्हणून सकाळ व्हायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मुलीने डाव बदलला. “बरं, शुद्धलेखनाचंच बोलू. तुमच्या या लाडक्याला आता चुका तरी पकडता येतात का? थांबा, मुद्दाम एक चूक करते.” तिला त्यासाठी फारसे कष्ट पडले नसते, तिचं शुद्धलेखन आईवर गेलं होतं. पण तिने नुसतं ‘का’ लिहिलं मात्र, पुढचं सगळं मशीननेच पुढे केलं: ‘काळजि करु नका.’

चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ यायला हवी. आली नाही.

“अगं बाई! तीन शब्द, दोन चुका आणि रेघ एकही नाही!” मुलगी टाळ्या पिटत हसली. “वेलांटीमास्तरांच्या घरात ‘काळजि’ खपतंय!”

मास्तर हसले नाहीत.

“त्याला तसं शिकवलंय,” ते म्हणाले.

“कोणी?”

“तुझ्या आईने.”

लग्नानंतर बायकोने माहेरून पाठवलेलं पहिलंच पत्र मास्तरांनी लाल शाईने तपासून परत पाठवलं होतं. खाली शेराही मारला होता, ‘प्रगती आहे’. त्यानंतर तिने त्यांना आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. जे काय सांगायचं ते तोंडाने, आणि तिचं तोंड काही कमी नव्हतं. मग शेवटच्या आजारात घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता बोलायचं तर लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तेही नवऱ्याच्या मशीनवर. ती लिहायची आणि मशीन खाली लाल रेघ ओढायचं. ‘हेहि तुमच्याच वळणावर गेलय,’ असं तिने एकदा वैतागून लिहिलं. त्याखालीही रेघा आल्या.

एका दुपारी तिला ते बटण सापडलं: ‘शब्दकोशात घाला’. तिने आपला एकेक शब्द घातला. एकेक रेघ पुसली गेली. शेजारी बसलेल्या मास्तरांनी दुरुस्ती सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जन्मात त्यांनी सोडून दिलेल्या चुका तेवढ्याच. तेव्हापासून ते कुणाच्याही पुस्तकावर काम करत असोत, ‘का’ लिहिलं की मशीन आधी ती रोज लिहायची तेच म्हणायचं: ‘काळजि करु नका.’ मास्तर क्षणभर थांबायचे. मग पुढचं लिहायचे.

“पण बाबा, सिस्टीम बदलली तरी हे सगळं तसंच...”

“अटी वाचल्यास?” कॉम्प्युटरवरच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस जगात बहुधा हा एकच. “‘शब्दकोशात घातलेले शब्द पुढील आवृत्तीत येणार नाहीत.’ त्या वाक्यात मात्र एकही चूक नाही. मी दोनदा तपासलं.”

मुलीने माऊसवरचा हात उचलला. “राहू दे मग. नकोच करायला.”

मास्तरांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

“कर,” ते म्हणाले. “काम सोडून बसलेलं तिला खपलं नसतं. आवाज नव्हता तरी ओरडली असती.”

संध्याकाळी मशीन नव्याने सुरू झालं. पडदा लख्ख, कोरा. मुलीने ‘का’ लिहिलं. मशीनने अदबीने सुचवलं: ‘कार्यालय’.

मुलगी तोंड फिरवून डोळे पुसू लागली. मास्तरांनी तिला उठवलं आणि स्वतः खुर्चीवर बसले. त्यांनी लिहिलं, ‘काळजी’. पुसलं. पुन्हा लिहिलं, ‘काळजी’. बोट पहिल्या वेलांटीपाशी जायचं आणि जन्माच्या सवयीने दुसरीवर पडायचं. पुन्हा पुसलं, पुन्हा लिहिलं. लाल रेघ काही येईना, आणि रेघेशिवाय ‘शब्दकोशात घाला’ म्हणता येईना. यायला चूक तर व्हायला हवी!

अखेर ते खुर्चीवरून उठले.

“पोरी, तेवढा शब्द तू लिही,” ते म्हणाले. “मला चुकीचं लिहिता येत नाही.”