तुटक्या चकल्या

क्रेनवाला आणि वेल्डर कामासाठी परमुलखात आलेले. एकाच खोलीत राहता राहता दोघं सख्ख्या भावांसारखे झाले होते. वेल्डर नुकताच गावाकडची सुट्टी संपवून परतला होता. "तुझ्या घरी जायचं राहूनच गेलं रे," आल्या आल्या तो हळहळला होता.

आज घरच्या चकल्यांच्या आठवणीने क्रेनवाल्याचा जीव कासावीस झाला. त्याने बायकोला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिला विचारत विचारत पीठ मळलं. पण सोऱ्यातून एक चकली धड उतरेल तर शपथ! वेल्डर बाजूला उभा राहून पोट धरून हसत होता.

"अगं, कडकडीत मोहन घातलं, तरी मेल्या तुटतायत!" क्रेनवाला वैतागला.

बायकोही हसत सुटली. "अहो, तुमचं काम नाही ते. सोऱ्या भाऊजींच्या हातात द्या. इथे त्यांनी पाडल्या, तेव्हा एकसुद्धा तुटली नव्हती."

क्रेनवाल्याचा हात थांबला. "इथे म्हणजे? कधी?"



तिकडून फोन कट झाला आणि इकडे वेल्डर चपला शोधू लागला.