सातवी प्लेट

"जंतूंची प्लेट मंदाबाईचीच निघणार," लताबाई म्हणाल्या. "फक्त माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

जळगावच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ अलफियाने टेबलावर सात प्लेटा मांडल्या. धरणगावच्या प्रसूतिगृहातल्या सात कर्मचाऱ्यांच्या घशाचे नमुने तिने परवा त्यांवर पसरले होते. प्लेटांमध्ये रक्त मिसळलेली जेली होती, लालभडक.

लताबाई त्या प्रसूतिगृहातल्या सर्वांत जुन्या नर्स. आठ दिवसांपूर्वी त्यांची लेक पुनम तिथेच बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप चढला. आता ती इथे जळगावात आयसीयूत होती. तिच्या रक्तात स्ट्रेप्टोकोकस हा जंतू सापडला होता. तो कुणाच्या तरी घशातून आला असावा, असं डॉक्टर म्हणाले, आणि लताबाईंनी त्याच क्षणी ठरवून टाकलं. आया मंदाबाई सारखी खोकायची. लताबाईंनी तिला सगळ्यांसमोर कामावरून हाकललं. "मनं काय चुकनं, बाई?" एवढंच ती अहिराणीत विचारत राहिली.

सहा प्लेटा तशाच लाल होत्या. सातवीवर बारीक ठिपके उगवले होते आणि प्रत्येक ठिपक्याभोवतीचा लाल रंग पार गेला होता. अलफियाने ती उजेडात धरली. त्या गोलांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"हे जंतू विष सोडतात, सिस्टर. तांबड्या पेशी फुटतात, म्हणून इथे रंगच उरत नाही."

"पुनमच्या अंगात हेच चाललंय?"

अलफियाने मान डोलावली.

"नाव वाच."

लताबाईंनी प्लेट तिच्या हातून घेतली आणि उलटी केली. मागच्या पट्टीवर त्यांचं स्वतःचं नाव होतं.

"माझा तर घसा कधी दुखलासुद्धा नाही!"

"काहींचा दुखत नाही. जंतू नुसते राहतात. पण तुम्ही मास्क लावला असेल ना?"

कळा वाढल्या तेव्हा पुनम फार घाबरली होती. तिला आईचा चेहरा दिसावा म्हणून लताबाईंनी मास्क खाली ओढला होता. दुसऱ्या कुणाला त्यांनी जवळही येऊ दिलं नव्हतं.

त्यांनी प्लेट खाली ठेवली. मग फोन लावला.

"मंदाबाई, पुनमचं बाळ माझ्या शेजारणीकडे आहे. तुम्ही जाऊन त्याला घ्या. मला आता त्याला हात लावता येणार नाही. माझ्यामुळेच झालंय सगळं."



"बाई," मंदाबाईने विचारलं, "पुनम कशी शे आते?"