हेराचा आवाज

"पिक्चर एकदम फालतू," सुजित म्हणाला, आणि ज्योतीरामच्या हातातला घास हातातच राहिला.

चाकणच्या कंपनीत जेवणाची सुट्टी चालली होती. आदल्या दिवशी, गुरुवारच्या सुट्टीला, लाइनवरचे सगळे चिंचवडला जाऊन तो इंग्रजी हेराचा पिक्चर बघून आले होते. हिंदीत डब केलेला. जाऊ या म्हणून मागं लागला होता तो ज्योतीरामच. सिनेमाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या या माणसाला अचानक काय झालं, ते कुणालाच कळलं नव्हतं.

"फालतू काय?" सोनल म्हणाली. ती माल तपासणाऱ्या क्वालिटी विभागात होती, तिला दोन्ही बाजू बघायची सवय. "बर्फावरचा पाठलाग भारीच होता. शेवट मात्र गुंडाळलाय. फितूर कोण, ते मला मध्यंतरालाच कळलं होतं."

"मला अजून न्हाई कळलं," गेनू म्हणाला. तो जवळच्याच गावचा. शेत सांभाळून नोकरी करायचा. "कोण कुणाच्या बाजूनं हाय, त्येचाच मेळ लागंना. पर गाड्या लई उडवल्या राव! आपल्याला आवडला."

"आणि हेराचा आवाज?" ज्योतीरामनं सहज विचारल्यासारखं केलं. "तो कसा वाटला?"

"आवाज?" सुजित हसला. "गडी दिसायला एवढा तगडा, अन् आवाज असा, जणू रेडिओवर साबण विकतोय. कुठून धरून आणला होता कुणास ठाऊक!"

ज्योतीरामनं डबा झाकला. "मशीनची बटणं दाबण्याइतकं सोपं नसतं ते," तो म्हणाला आणि उठला. मागं सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले.

त्यांना काय सांगणार होता तो? हा आवाज माझ्या पोराचा आहे, असं? त्यांच्याच देखत तर सगळं झालं होतं.

प्रज्वलला याच कंपनीत चिकटवायला ज्योतीरामनं साहेबांपुढं हात जोडले होते. पोरगं वर्षभरही टिकलं नाही. मुंबईला जाऊन आवाजाचं काम करणार म्हणालं. ज्योतीरामनं त्याला गेटवरच, शिफ्ट सुटलेल्या माणसांसमोर फाडून खाल्लं. "तोंड वाजवून पोट भरतं का रे? जा! अन् परत तुझा आवाजसुद्धा कानावर पडू देऊ नको माझ्या."

पोरानं ते शब्दशः पाळलं. आईला तेवढा फोन करायचा, तोही बाप ड्यूटीवर असताना.

उन्हाळ्यात त्याची बायको विमलबाई एकदा पोळ्या लाटता लाटता बोलून गेली होती, प्रज्वलला इंग्रजी पिक्चरमधल्या हेराचा हिंदी आवाज द्यायचं काम मिळालंय म्हणून. ज्योतीरामनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पिक्चरचं नाव मात्र ध्यानात ठेवलं. घराजवळच्या डांगे चौकात त्याचं पोस्टर लागलं, त्याच आठवड्यात तो बायकोलाही न सांगता एकटा थिएटरात जाऊन बसला.

अंधारात हेराचं पहिलं वाक्य ऐकू आलं आणि तो खुर्चीत पुढं सरकून बसला. पुढं एका प्रसंगात हेर चोरून आईला फोन करतो आणि एवढंच विचारतो, "खाना खाया?" प्रज्वल कॉलेजातून आला की दारातूनच असं विचारायचा, "आई, जेवलीस का?" तोच सूर. ज्योतीराम अंधारात बसून रडला. त्यानंतर तो पुन्हा गेला, आणि आणखी एकदा गेला.

आज सुजितचं बोलणं त्याला दिवसभर टोचत राहिलं. मग एक विचार आला आणि तो टोचण्यापेक्षा वाईट होता. असली बोलणी पोरगंही ऐकत असणार. आणि त्याला चांगलं म्हणणारं तिथं कोण आहे?

थेरगावला घरी आल्यावर त्यानं चपलाही काढल्या नाहीत. "प्रज्वलचा नंबर दे," तो म्हणाला.

विमलबाईनं हात पदराला पुसले. मग तिनं आपला मोबाइल पुढं केला. ज्योतीरामनं नंबर स्वतःच्या फोनवरून लावला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

"हॅलो," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

"प्रज्वल आहे का तिथं?"

खोलीवरचा जोडीदार असावा, ज्योतीरामला वाटलं.

"मी त्याचा बाप बोलतोय, थेरगावहून. कामात असंल तर बोलवू नका त्याला. निरोप सांगितला तरी चालंल."

"काय सांगू?" पलीकडचा हळू म्हणाला.

ज्योतीरामला बरंच वाटलं. पोराशी बोलताना जीभ अडली असती; परक्याशी बोलणं सोपं होतं.

"त्याला म्हणावं, पिक्चर बघितला मी. लोक काहीबाही बोलतात, तिकडं ध्यान देऊ नको म्हणावं. कुणाला गोष्ट आवडली नाही, कुणाला शेवट. पर तुझं काम चोख झालंय. माझ्या लाइनवरच्या सगळ्यांना नेऊन दाखवला." "अन् म्हणावं, त्या दिवशी गेटवर मी चुकलो. लई चुकलो. घरी ये म्हणावं."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजून एक," ज्योतीराम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाजात अभिमान होता. "पडद्यावर तोंड परक्याचं होतं. तरी बापानं पहिल्याच वाक्याला पोराचा आवाज ओळखला. एवढं तर नक्की सांगा त्याला. सांगाल ना?"



"आबा," पलीकडचा आवाज म्हणाला, "माझं काम त्यांनी शेवटी काढून टाकलं. त्यात दुसऱ्याच कुणाचा आवाज आहे. मी प्रज्वलच बोलतोय."