नकार द्यायला हवा होता

मशीनमध्ये कामगाराचा हात गेला, त्या संध्याकाळी सुपरवायझर बाईंना मॅनेजरचा मेसेज आला होता, "शुड हॅव स्टॉप्ड द मशीन." मशीन थांबवायला हवं होतं. चला, माणसाला पश्चात्ताप तरी झाला, असं वाटून बाईंचा राग जरा निवळला होता.

आज चौकशीत मॅनेजरनं तोच मेसेज पुढे केला. "बघा साहेब, मी हिला तेव्हाच झापलं होतं."

"यात 'तू' कुठे लिहिलंय?" चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं.

"बोलण्यातल्या इंग्रजीत कर्ता गाळतात. अर्थ कळतोच."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग खालचं माझं उत्तरही वाचा ना!"

मॅनेजर वाचेना, तेव्हा अधिकाऱ्यानंच फोन ओढून घेतला. "'शुड हॅव रिफ्यूज्ड, सर.' म्हणजे नकार द्यायला हवा होता. कोणी?"

"मी," बाई म्हणाल्या. "मशीन अडकतंय म्हणून मी बंद करायला निघाले होते. 'चालूच ठेव, नाहीतर उद्यापासून घरी बस,' असं हे म्हणाले, आणि मी ऐकलं. आधी माझं नाव लिहा, साहेब. मग यांचं."