बदलीचं मिनिट

पाटीवर नऊ नंबर झळकला आणि अख्खं मैदान ओरडलं, "नाही!"

फुटबॉलचा अंतिम सामना. बरोबरी. अर्ध्या तासाचा खेळ बाकी असताना प्रशिक्षक नऊ नंबरला बाहेर बोलावत होते. नऊ नंबर म्हणजे बुलेट, सगळ्या शहराचा लाडका.

तो रेंगाळत रेषेपर्यंत आला. पाण्याच्या बाटलीला त्यानं लाथ मारली आणि बाकाच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसलेल्या बाईकडे बोट दाखवलं.

"झालं समाधान? भरलं तुझ्या त्या यंत्राचं पोट?"

संघात तिला सगळे आकडेवाली म्हणत. बुलेटची ती सख्खी थोरली बहीण होती.

तो डोक्यावर टॉवेल ओढून बसला, तो बसलाच. शेवटच्या क्षणी समोरच्यांनी गोल केला, तेव्हाही त्यानं मान वर केली नाही.

आकडेवाली आधी विमा कंपनीत होती. "तिथं माणसं कधी मरतील याचा हिशेब करायचे, इथं कधी दमतील याचा करते," असं ती म्हणायची. प्रत्येक खेळाडू किती धावला, किती वेळा वळला, धावल्यावर किती वेळानं सावरला, हे सगळं ती संगणकात भरायची. कुणाला कधी बाहेर काढलं आणि कुणाला आत धाडलं तर गोलाची शक्यता किती वाढते, याचं तिनं गणित बसवलं होतं. पहिल्याच हंगामात तळाचा संघ वर आला. प्रशिक्षक तेव्हापासून तिच्या शब्दाबाहेर नव्हते.

फक्त बुलेटच्या बाबतीत कुरबुर व्हायची. प्रत्येक सामन्यात, साधारण त्याच सुमाराला, ती प्रशिक्षकांना खूण करायची.

"अहो, तो तर पळतोय अजून," सहप्रशिक्षक एकदा वैतागून म्हणाले होते. "तुमच्या आलेखात त्याचा दम संपलेला दिसतो. मला तर काही दिसत नाही."

"डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो."

"मग त्यालाच विचारू या की."

"दमलेला माणूस दमलोय असं कधी सांगत नाही, सर," ती म्हणाली होती. "म्हणून तर मला ठेवलंय तुम्ही."

भावाच्या जागी कुणाला धाडायचं, हे गणित मात्र ती पुन्हा पुन्हा करत बसायची. त्या एका जागेवर तिचा जितका वेळ जायचा, तितका उरलेल्या दहा जणांवर मिळून जात नसे. आणि ते जमतही आलं होतं. या अंतिम सामन्यापर्यंत.

सामना हरल्यावर घरी सगळे जेवणाच्या टेबलाशी बसले. बाबा स्वतः एके काळचे खेळाडू. गुडघा गेला आणि त्यांचा खेळ अर्ध्यावर सुटला. मुलगा धड चालायला लागायच्या आत त्यांनी त्याच्या पायाशी चेंडू ठेवला होता.

"परक्या कुणी केलं असतं तर समजलो असतो," ते शेवटी म्हणाले. "सख्ख्या बहिणीनं भावाचे पाय ओढावेत?"

"अहो, जेवू द्या तिला," आई म्हणाली.

"जेवू दे की. त्याच्या अन्नात माती कालवली, आता जेवू दे निवांत." बाबांचा आवाज चिरकला. "माझा पोरगा पूर्ण सामना खेळायला जन्मलाय. जिद्द म्हणून काही असतं. ते बसतं का तुझ्या गणितात?"

"नाही बसत, बाबा."

बुलेट ताटावरून उठला. आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या अध्यक्षांनी बैठक घेतली. प्रशिक्षकांचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे सुजले होते.

"काही तरी सांग," ते तिला म्हणाले. "तू प्रत्येक वेळी आलेख काढून दाखवतेस. आज दाखव. मी बाजू घेतो तुझी."

तिनं लॅपटॉप उघडला नाही.

"माझ्या गणितात चूक होती, सर."

"काय चूक?"

"होती. एवढंच."

प्रशिक्षकांनी हताशपणे खुर्चीला पाठ टेकली. अध्यक्षांनी निर्णय सांगून टाकला. यंत्र बंद, आकडेवालीची सुट्टी. बुलेटला नवा करार, आणि त्यात बाबांनी स्वतः घालायला लावलेली अट: दुखापत झाल्याशिवाय त्याला सामन्यातून कुणीही काढायचं नाही. टाळ्या वाजल्या. बुलेटनं सही केली. बहिणीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

दुपारी ती आपल्या खोलीत वायरी गुंडाळत होती. दार उघडलं. बुलेट आत आला आणि त्यानं कडी लावली. खुर्ची रिकामी असून तो भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसला.

"बाबा सकाळपासून सगळ्यांना फोन करतायत," तो म्हणाला.

"साहजिक आहे."

"मला मिठी मारून रडले गं."

तिनं वायर खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"तू सांग ना त्यांना. आता तरी सांग."

"कसं सांगू, की मला हा खेळच नकोसा झालाय?"

बाहेर मैदानावर कुणीतरी पाण्याचे फवारे सुरू केले. त्यानं डोळे मिटून डोकं मागं भिंतीला टेकवलं.

"दोन वर्षं माझ्यासाठी खोटे आलेख काढलेस," तो म्हणाला. "आता मला बाहेर कोण काढणार, ताई?"