मूळ खरेदीखत तेवढं राहिलं

“सगळं जमलं, अण्णा. मूळ खरेदीखत तेवढं राहिलं,” गुरुदत्त वडिलांना म्हणाला. “त्याशिवाय गिऱ्हाइकाच्या वकीलबाई पुढं हलायला तयार नाहीत.”

“सापडेना रे,” पद्मनाभराव म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. खरेदीखत कुठं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आतल्या खोलीत, दसऱ्याला मांडायच्या बाहुल्यांच्या पेटीत, राजाराणीच्या जोडीखाली. त्यांनीच तर लपवलं होतं!

येलहंक्याचं हे घर विकायला निघालं त्यात चूक त्यांचीच होती. बायको गेली, शिवलीला, आणि पद्मनाभरावांच्या तोंडाला कुलूपच लागलं. जेवता का? सरी, म्हणजे बरं. डॉक्टरकडे जाऊया? सरी. एक दिवस गुरुदत्तनं विचारलं, घर विकून टाकूया का, तर त्यालाही सरी! बोलून बसले आणि मग जीव खालीवर व्हायला लागला. पण दिलेला शब्द मागं कसा घ्यायचा?

गिऱ्हाईकही झटपट मिळालं. संग्राम नावाचा कुणी दुबईवाला. त्यानं म्हणे घर फोटोतच पसंत केलं. त्याच्या वकीलबाईंची यादी मात्र मारुतीच्या शेपटासारखी वाढत चालली. आज कराच्या पावत्या, उद्या पालिकेचा खाता-उतारा, परवा नकाशाची मंजुरी. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा सगळा मामला. बेळगावला दिलेली लेक क्षमा, तीही फोनवर तेच म्हणे, “गुरू मागेल तो कागद शोधून द्या हं, अण्णा.”

गुरुदत्त हेब्बाळच्या ऑफिसातून सुटला की रोज इकडे. बापलेक ट्रंका उपसत बसत. आणि कागद हाती आला की त्याच्या मागची गोष्ट निघायचीच. नकाशा निघाला, तर शिवलीलेनं इंजिनिअरशी भांडून स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला घ्यायला लावलेली आठवली. “ऊन आल्याशिवाय माझा डोसा उलटत नाही, असं म्हणाली त्याला!” पावत्या निघाल्या, तर पहिला कर भरून कडलेपुरी, म्हणजे आपले चुरमुरे, खात दोघं चालत घरी आलेले आठवले. तांबड्या फरशीला खोबरेल चोळता चोळता ती घसरून पडली होती आणि पडल्या पडल्या हसत सुटली होती. ते सांगताना पद्मनाभराव स्वतःच खो खो हसले, आणि हसता हसता रडले. फार बरं वाटलं त्यांना.

“मग काय झालं, अण्णा?” गुरुदत्त विचारी. फायली लावायच्या सोडून लेकाचा ऐकतच बसे.

आज मात्र तो हातात गाडीची किल्ली घेऊनच उठला. “वकीलबाई म्हणतात, हरवलं असेल तर पोलिसांत तक्रार द्या, पेपरात जाहिरात द्या. मग नक्कल मिळते. उद्याच जाऊया, सरी?”

पद्मनाभरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. कागद बाहुल्यांखाली, आणि आपण पोलिसांपुढं हरवला म्हणून सही करायची? उभ्या जन्मात असलं केलं नव्हतं. आणि कशासाठी, तर शिवलीलेच्या खिडकीत दुसरंच कुणी उभं राहावं म्हणून?

ते ताडकन उठले, आत गेले आणि त्यांनी खरेदीखत आणून गुरुदत्तच्या पुढ्यात आपटलं.

“हरवलं नाही. मी लपवलं होतं. आणि घर विकायचं नाही! नको म्हणजे नको!”

“पण अण्णा, तुम्ही शब्द दिलाय.”

“मी दिला, मीच मोडतो. लाव फोन त्या दुबईवाल्याला. माझ्या बायकोचं घर आहे हे, सांगतो त्याला!”

गुरुदत्तचे डोळे भरून आले. मग त्यानं नंबर लावला आणि फोन वडिलांच्या हातात दिला. पद्मनाभराव घसा खाकरून तयार झाले.

पलीकडून क्षमाचा आवाज आला, “काय रे गुरू, आज बोलले का अण्णा? कागदांच्या निमित्तानं तोंड उघडतात तरी. खरेदीखत सापडलं तर लगेच दुसरा कागद माग हं. आपलं दुबईचं गिऱ्हाईक खोटं आहे, हे त्यांना इतक्यात कळता कामा नये.”