लाल की काळं

"दोन्ही काढ. लाल आणि काळं," म्हातारा म्हणाला.

झिफाने कपाटातून दोन्ही नेटबुक काढून टेबलावर ठेवली. लाल नेटबुकला हात लावण्याआधी म्हाताऱ्याने हात शर्टाला पुसले. झिफाला ते आवडलं. घानातल्या आक्रा शहराच्या सर्कल बाजारात जुनी यंत्रं घ्यायला येणारे लोक आधी तोंडाने खोड काढतात, मग हात लावतात.

"मी लार्ते. तेशीहून आलोय," तो म्हणाला. "लामिले नावाची एक मुलगी यायची ना तुझ्याकडे?"

झिफाचा चेहरा खुलला. लामिले! चार महिने दर शुक्रवारी ती पोरगी ट्रोट्रोच्या मिनीबसमध्ये चेंगरून यायची, लाल नेटबुक काखेत धरायची आणि समोरच्या मोबाईलवाल्याच्या काचेत स्वतःला न्याहाळायची. विद्यापीठात जायचं म्हणून शेजाऱ्यांचे कपडे शिवून पैसे साठवत होती. "आँटी, हातात शोभायला नको का?" असं विचारायची.

झिफाने तिला गोड बोलून लाल गळ्यात मारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी मारलं असतं. तिने सरळ सांगितलं होतं, हे दिसायला देखणं आणि कामाला आळशी आहे. काळं महाग आहे, पण घोड्यासारखं राबेल. थोडं थांब, आणखी साठव. पोरगी हिरमुसली होती, पण थांबली होती.

"ती स्वतः का नाही आली?"

"तिला येणं शक्य नाही. घरच्यांनी माझ्यावर सोपवलंय. शनिवारपर्यंत तयार हवं."

"म्हणजे प्रवेश मिळाला!"

"मिळाला," लार्ते खाली बघत म्हणाला. "सोमवारी पत्र आलं."

झिफाने टाळीच वाजवली. शेजारच्या चार्जरवाल्याला ओरडून सांगितलं, "अरे, आपली लामिले पास झाली!" त्याने लांबूनच अंगठा दाखवला.

"पण घरात दोन तट पडलेत," लार्ते म्हणाला. "आई म्हणते काळं. महिनाभर पोरगी त्याचंच नाव घेत होती म्हणे. भाऊ म्हणतो, लाल सोडून दुसरं चालणार नाही. मला तर काही कळेना. म्हटलं, विकणारीलाच विचारावं."

"आई शहाणी आहे," झिफा म्हणाली. "लाईट गेली तरी काळं पाच तास चालतं. लाल दोन तासांत मान टाकतं. त्यात दोन कामं एकदम सांगितली की रुसून बसतं. लाल तीनशे सेडी, काळं चारशे वीस. वरचे एकशे वीस चार वर्षांत वसूल होतील."

लार्तेने मान डोलावली. घासाघीस केली नाही. झिफाने घासाघिशीची उत्तरं तयार ठेवली होती, ती तोंडातच राहिली. हा माणूस बाजारात फार वेळा आलेला दिसत नाही, तिला वाटलं. याला कुणीही फसवील. तिला त्याची काळजीच वाटायला लागली.

त्याने लालाचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बिजागरीला कान लावला. मग एक एक करून बटणं मोजली. जुन्या मालात बटणं गायब असतात, त्यामुळे तिला यात वावगं वाटलं नाही. पण तो खिशातली टेप काढून मापं घ्यायला लागला, तेव्हा तिला राहवेना.

"पापा, मुलगी बघायला आल्यासारखे काय बघताय? चालू करते, चालवून बघा."

"चालू नको करूस."

"अहो, मग कळणार कसं?"

"मी सुतार आहे. मला एवढंच कळतं."

म्हणजे टेबल करून देणार असेल पोरीला, झिफाने ताडलं. तिचा राग ओसरला.

लार्तेने टेप गुंडाळली. "किंमत बाजूला ठेव. वेगही बाजूला ठेव. खरं सांग, तिचा जीव कशावर होता?"

झिफाने मनात दोन्ही तोलली. लाल म्हटलं तर पोर चार वर्षं त्या ढिम्म यंत्रासमोर रडेल. काळं म्हटलं तर ते खोटं होईल. शेवटच्या शुक्रवारी लामिले काळ्याची बॅटरी, काळ्याचा वेग, सगळं शहाण्यासारखं विचारत होती. पण बोटं मात्र लालाच्या झाकणावर फिरत होती.

"लालावर," झिफा म्हणाली. "काळं हे माझं बोलणं होतं, पापा. पोरीने माझा मान राखला."

लार्तेने डोळे मिटले. "बरं झालं विचारलं."

झिफाला एकदम भरून आलं. इतके दिवस आपणच त्या पोरीला तिष्ठत ठेवलं, तर आता आपणच काहीतरी करायला हवं. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि लाल नेटबुक पालथं घातलं. "मेमरी वाढवून देते. माझ्याकडून भेट. मग नाही अडकणार. सांगा तिला, आँटीने दिलीय."

ती स्क्रू काढत होती तोवर लार्ते खिशातल्या कागदावर पेन्सिलीने रेघा मारत होता. तिसऱ्या स्क्रूला त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे, पोरी. यंत्र नको आहे. माणसाचा जीव ज्यावर, त्याच आकाराची पेटी करतो आम्ही तेशीचे सुतार. मला फक्त आकार आणि रंग नक्की करायचा होता."

झिफाला काहीच कळेना. त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. त्यावर नेटबुक काढलेलं होतं, झाकण उघडलेलं, बाजूला 'लाल' असं लिहिलेलं. लांबी सहा फूट. आत पांढरी गादी आणि उशी. आणि खाली ठळक अक्षरांत: 'लामिले, वय एकोणीस. दफन शनिवारी.'